काळोख मोजून ठेवायला हवा

रात्रीचे आकाश कुठे किती उजळले आहे, हे दाखवणारे जागतिक नकाशे आता मोबाइलवर कोणालाही पाहता येतात. महाराष्ट्रावरून बोट पूर्वेकडे सरकवत नेले की मुंबई-पुण्याचे झगझगीत डाग मागे पडतात, नागपूरचा मोठा ठिपका येतो, त्याच्या दक्षिणेला चंद्रपूर, बल्लारपूर आणि घुग्घूस यांचा एकमेकांत मिसळलेला डाग लागतो आणि वैनगंगा ओलांडली की रंग झपाट्याने विरत जातात. धानोरा, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा हे सारे तालुके जवळपास काळेच. दुर्बीण घेऊन काळोख शोधत हिंडणाऱ्या हौशी आकाशनिरीक्षकांना हा काळा रंग म्हणजे आमंत्रणच वाटते. शहरे पसरत गेली तसा त्यांचा जवळचा काळोख संपत गेला आणि आता ते अशा दूरच्या जागा हुडकतात, एकमेकांना कळवतात. पण नकाशावरचा हा काळा रंग तिथे जाऊन कोणी मोजलेला नाही. उपग्रहाने टिपलेल्या दिव्यांवरून गणित मांडून काढलेला तो अंदाज आहे. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या आकाशाचा काळोख तिथल्या जमिनीवर उभे राहून, ठरलेल्या पद्धतीने, वर्षानुवर्षे मोजला गेला पाहिजे आणि ते आकडे सर्वांसाठी खुले असले पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे. हे काम पुढे ढकलण्यासारखेही नाही, कारण गेलेल्या रात्रीचा काळोख मागे जाऊन मोजता येत नाही.

सर्वात जास्त वापरला जाणारा नकाशा कसा तयार झाला ते पाहिले की त्याची मर्यादा लक्षात येते. इटलीतील फाबियो फाल्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये कृत्रिम प्रकाशाचा जागतिक नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. जगातील ८० टक्क्यांहून अधिक लोक प्रकाशाने गढुळलेल्या आकाशाखाली राहतात आणि एक-तृतीयांशाहून अधिक लोकांना आकाशगंगा दिसतच नाही, हे आपल्याला त्यातून कळले. काम मोलाचे आहे यात शंका नाही. मात्र त्यातली उपग्रहाची माहिती २०१४ची आहे. सुरजागडच्या डोंगरावर लोहखनिजाचे उत्खनन जोमाने सुरू झाले ते २०२१ पासून. कोनसरीचा पोलाद प्रकल्प त्याच्याही नंतर उभा राहिला. म्हणजे त्या नकाशातली एटापल्ली ही खाणीच्या आधीची एटापल्ली आहे. नंतरच्या वर्षांची उपग्रहचित्रे मिळतात, पण त्यांनाही दोन मोठ्या मर्यादा आहेत. एक, हा उपग्रह आपल्या डोक्यावरून मध्यरात्र उलटल्यावर, साधारण दीडच्या सुमारास जातो. संध्याकाळी सात ते दहा या वेळात गावात आणि बाजारात पेटणारे आणि मग मालवले जाणारे दिवे त्याला दिसतच नाहीत. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. त्याच्यावरचा संवेदक ५०० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा निळसर प्रकाश पकडत नाही. जुने पिवळे सोडियमचे दिवे जाऊन पांढरे एलईडी आले की उपग्रहाच्या लेखी उजेड कमी झालेला दिसू शकतो, आणि प्रत्यक्षात आकाश जास्त उजळते, कारण निळा प्रकाश हवेत अधिक विखुरतो. पथदिव्यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाची सुरुवात जानेवारी २०१५ मध्ये झाली आणि त्यानंतर देशभरातल्या खांबांवरचे दिवे बदलत गेले. जो बदल सर्वात मोठा, तोच या चित्रांतून निसटतो.

जमिनीवरून पाहणाऱ्या माणसांना काय दिसते, याचे उत्तर जानेवारी २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. ‘ग्लोब अ‍ॅट नाइट’ हा उपक्रम २००६ पासून चालतो. त्यात सामान्य माणसे आपल्या अंगणातून दिसणारे तारे छापील नकाशांशी ताडून पाहतात आणि नोंद पाठवतात. २०११ ते २०२२ या काळातल्या अशा ५१ हजारांहून अधिक नोंदी क्रिस्टोफर कायबा आणि सहकाऱ्यांनी तपासल्या, तेव्हा आकाश वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत असल्याचे दिसले. हा वेग उपग्रहावरून काढलेल्या वाढीपेक्षा कितीतरी जास्त आहे. आठ वर्षांच्या आत दुप्पट. आज ज्या ठिकाणी २५० तारे दिसतात तिथे जन्मलेले मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत तिथे शंभराच्या आसपासच उरतील, असा त्याचा अर्थ संशोधकांनी सांगितला. मला त्यातली आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. या नोंदींपैकी बहुतेक युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या आहेत. जिथे दिव्यांची वाढ सर्वात झपाट्याने होते आहे, त्या आपल्यासारख्या देशांतून नोंदीच तुटपुंज्या. आपल्या आकाशाचे काय चालले आहे, हे जगाला ठाऊक नाही आणि आपल्यालाही नाही.

आकडा हाती असला की काय होते, हे चंद्रपूरकरांना वेगळे सांगायला नको. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये औद्योगिक पट्ट्यांचा सर्वंकष प्रदूषण निर्देशांक काढला आणि त्यात चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले. देशातल्या सर्वाधिक प्रदूषित पट्ट्यांमध्ये चौथा क्रमांक. धूळ त्याआधीही होतीच. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर, तुळशीच्या पानांवर ती रोज दिसत होती. पण ‘धूळ फार आहे हो’ या तक्रारीला कार्यालयात कोणी विचारत नव्हते, आणि ८३.८८ या आकड्याला मात्र उत्तर द्यावे लागले. हवेसाठी १९८१चा कायदा आहे, पाण्यासाठी १९७४चा, आवाजासाठी २०००चे नियम आहेत. रात्रीच्या आकाशासाठी असा स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. जिथे कायदा नाही तिथे निदान नोंद तरी असावी, कारण पुढे कधी कायदा किंवा साधा शासन निर्णय करायचा झाला तरी पहिला प्रश्न हाच येईल की पूर्वी काय होते, आणि त्याला कागद दाखवावा लागेल.

हे मोजणे अवघड नाही. पत्त्यांच्या कॅटाएवढे ‘स्काय क्वालिटी मीटर’ नावाचे यंत्र मिळते. अमावास्येच्या आसपासची रात्र निवडायची, सूर्यास्तानंतर दीड तास जाऊ द्यायचा, यंत्र हातभर वर धरून थेट डोक्यावरच्या आकाशाकडे रोखायचे आणि बटण दाबायचे. काही क्षणांनी लाल अंक उमटतो. पहिला अंक सोडून द्यायचा, पुढचे तीन-चार लिहून घ्यायचे. शहराच्या मध्यावर हा अंक १७-१८च्या घरात असतो आणि पृथ्वीवरच्या सर्वात काळ्याभोर जागी २२च्या जवळ पोहोचतो. अंक जितका मोठा तितका काळोख दाट. फरक चार-पाच अंकांचाच वाटतो, पण हे मोजमाप ताऱ्यांच्या प्रतीच्या हिशेबाने चालते : एका अंकाचा फरक म्हणजे उजेडात अडीच पटींचा फरक, चार अंकांचा म्हणजे जवळपास चाळीस पटींचा. यंत्र नसले तरी डोळे आहेत. अमेरिकेतील हौशी निरीक्षक जॉन बोर्टल यांनी २००१ मध्ये डोळ्यांनी दिसणाऱ्या खुणांवरून आकाशाचे नऊ वर्ग पाडले आणि आज जगभरचे आकाशनिरीक्षक त्याच भाषेत बोलतात. कृत्तिकेच्या पुंजक्यात सहा तारे सुटे दिसतात की आठ-नऊ, देवयानीतली २५ लाख प्रकाशवर्षे दूरची दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी धुरकट ठिपक्यासारखी जाणवते की नाही, संध्याप्रकाश संपल्यावर पश्चिमेला राशिचक्रीय प्रकाशाचा तिरपा पट्टा उभा राहतो का, एवढे तीन प्रश्न एखाद्या आश्रमशाळेतली नववीची मुलगी सहज सोडवील. फक्त उत्तरासोबत तारीख, वेळ, चंद्राची स्थिती, ढग, धूर आणि कोण पाहत होते हे लिहिले पाहिजे. आज ऑनलाइन फिरणाऱ्या माहितीत नेमके हेच नसते. ‘अमुक घाटाजवळ बोर्टल दोन’ एवढेच कोणीतरी सांगतो. ते त्याने डोळ्यांनी ठरवले की नकाशावरचा रंग पाहून, हे कळायला मार्ग नाही, आणि चार जणांनी पुढे पाठवले की तोच पुरावा होऊन बसतो.

धूर आणि धूळ हा या दोन जिल्ह्यांतला कळीचा मुद्दा आहे. आकाश फक्त दिव्यांनी उजळत नाही, दिव्यांचा प्रकाश हवेतल्या कणांवरून परततो तेव्हा उजळते. चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॅटचे. त्याच्या शेजारी दुर्गापूर-पद्मापूरच्या उघड्या कोळसा खाणी रात्रभर चालतात, प्रखर दिव्यांच्या उंच खांबांखाली डंपर माती आणि कोळसा वाहतात. तिकडे माणिकगड पहाडाखाली गडचांदूरचे सिमेंट कारखाने, वर जिवतीचे पठार. प्रकाश आणि त्याला विखुरणारी धूळ एकाच ठिकाणी तयार होते, असा हा पट्टा आहे. त्याच वेळी १७२७ चौरस किलोमीटरचा ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प या पट्ट्याला अगदी लागून. जंगलाच्या आत एक दिवा नसला तरी दक्षिणेकडचे क्षितिज किती वर चढून उजळते, हे कोणताही काळा-पांढरा नकाशा नीट सांगू शकत नाही. गडचिरोलीत कारण वेगळे आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, वणवे लागतात, आणि मैलोन्‌मैल दिवा नसलेल्या रानातही आकाश धुरकट राहते. तेव्हा एप्रिलमधली नोंद आणि डिसेंबरमधली नोंद एका मापाने मोजता येणार नाही. हे बारकावे स्थानिक माणसालाच ठाऊक असतात. म्हणूनच बाहेरून येऊन एका रात्रीत घेतलेल्या आकड्यापेक्षा तिथे राहणाऱ्याने बारा महिने ठेवलेली साधी वही मला अधिक मोलाची वाटते.

आणि आकाश पाहणारी माणसे इथे आधीपासून आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि गणेश हलकरे यांनी गोंड समाजाच्या खगोलज्ञानाचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. सप्तर्षींच्या चार ताऱ्यांची खाट आणि ती पळवणारे मागचे तीन चोर, मृगाच्या ताऱ्यांत दिसणारा नांगर, आकाशगंगेची वाट, असे एक सबंध शेतकऱ्याचे आकाश त्यांना गावोगावी मिळाले. खाटेची गोष्ट तर मराठी घरांतल्या आज्याही सांगत आल्या. आकाशगंगेला वाट म्हणायला ती दिसावी लागते. शहरात वाढणाऱ्या पोरांना हा शब्द शिकवता येईल, दाखवता येणार नाही. पिकाच्या राखणीसाठी जागलीला जाणारा शेतकरी आजही मचाणावर बसून अर्धी रात्र आकाशाखालीच काढतो. २ एप्रिल २०२२ला, ऐन गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, आठच्या सुमारास महाराष्ट्राच्या आकाशातून जळते गोळे रांगेने जाताना लोकांनी पाहिले आणि सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले. तो चिनी रॉकेटचा भाग असल्याचे मत तज्ज्ञांनी दिले. वस्तू कोणत्या वाटेने आली हे जुळवायला गावोगावच्या लोकांनी काढलेल्या चित्रफिती आणि त्यांच्या वेळा कामी येतात. वेळ आणि जागा नोंदवून सांगितलेली साधी गोष्ट सर्वांची माहिती कशी होते, हे या जिल्ह्याने पाहिले आहे.

आता आक्षेपांकडे येतो, आणि त्यातला पहिला मला सर्वात गंभीर वाटतो. काळोख्या जागांची यादी उघड केली तर बाहेरची माणसे रात्री-अपरात्री तिथे पोहोचतील. हा वाघांचा मुलूख आहे. २०२१ पासून छत्तीसगडमधून आलेले रानटी हत्ती गडचिरोलीत फिरतात. रानडुकरांसाठी शेताच्या धुऱ्यावर कोणी चोरून वीजप्रवाह सोडलेला असू शकतो. दक्षिण गडचिरोलीत अनोळखी माणसांनी रात्री बॅटऱ्या घेऊन रानाच्या कडेला उभे राहणे, हे नक्षलवादाच्या इतक्या वर्षांनंतर कोणालाच, ना गावाला ना पोलिसांना, सहज घेता येणार नाही. हे सारे खरे आहे. पण उत्तर माहिती दडवण्यात नाही, ती कशी द्यायची ते ठरवण्यात आहे. मोठ्या दिव्यांपासून दूर गेल्यावर डोक्यावरच्या आकाशाचा काळोख दर शंभर पावलांवर बदलत नाही. दोन-चार किलोमीटरच्या टापूत तो जवळपास तोच असतो. मग जंगलातली नेमकी जागा सांगण्याची गरजच काय? मोजणी गावात करावी : शाळेच्या मैदानावर, ग्रामपंचायतीच्या पटांगणात, खांबावरचा दिवा आडोशाला जाईल अशा कोपऱ्यात. अक्षांश-रेखांश द्यायचेच तर दशांशचिन्हापुढे एकच अंक ठेवावा. त्याने जागा साधारण अकरा किलोमीटरच्या पट्ट्यात विरघळते आणि विज्ञानाचे काही बिघडत नाही. पक्षी आणि प्राण्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या ‘ई-बर्ड’ आणि ‘आय-नॅचरलिस्ट’ यांनी दुर्मीळ जीवांच्या बाबतीत हीच पद्धत केव्हापासून स्वीकारली आहे. शिवाय आज परिस्थिती अशी आहे की नकाशा कोणालाही ‘इथे जा’ म्हणतो आणि धोक्याबद्दल चकार शब्द काढत नाही. गावाने स्वतः ठेवलेल्या नोंदीत आकड्याच्या शेजारीच लिहिता येईल : सूर्यास्तानंतर गावाबाहेर जाऊ नये, वनविभागाच्या परवानगीशिवाय रानवाटेने शिरू नये, मुक्काम अमुक ठिकाणी करावा.

दुसरा आक्षेप मनाला लागणारा आहे. ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या अंधार सोसला, जिथे साप चावल्यावर रात्री रस्ता दिसत नाही म्हणून जीव गेले, जिथे अंगणात वाघाची चाहूल लागते, त्या गावाला ‘तुमचा काळोख जपा’ असे शहरी माणसाने सांगावे का? नाही सांगू. ब्रह्मपुरी, मूल, सिंदेवाही या भागांत वाघाच्या भीतीने जगणाऱ्या माणसाने चौकात दिवा मागितला तर तो मिळालाच पाहिजे, त्यावर वाद नको. पण दिवा आणि आकाश यांचे भांडण मुळात नाही. ग्रामपंचायतीच्या चौकात बसवलेला सौर हायमास्ट निरखून पाहिला तर लक्षात येते की त्याचे तोंड बऱ्याचदा तिरपे, वरच्या बाजूला फिरलेले असते. त्याचा उजेड समोरच्या घराच्या कौलावर, झाडाच्या शेंड्यावर आणि आकाशात जातो; खाली नालीच्या काठावर, जिथे साप असायचा, तिथे झगझगाटामुळे सावली उलट गडद पडते. तोच दिवा टोपी घालून खाली वळवला तर कमी विजेत रस्ता जास्त उजळतो. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाने हेच केले. वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभरहून अधिक दिवे खाली पाहणारे बसवले आणि जानेवारी २०२४ मध्ये पेंचला देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. ती गावेही वाघांच्या शेजारचीच आहेत. तिथे दिवे बंद झाले नाहीत, खाली वळले.

तिसरा प्रश्न मालकीचा आहे. नोंदी उघड झाल्या की रिसॉर्टवाले येतील, ‘तारांगण पर्यटना’च्या पाट्या लागतील, आणि गावाच्या वाट्याला गाड्यांची धूळ येईल, ही भीती ताडोबाच्या वेशीवरच्या गावांना कोणी समजावून सांगायला नको. इथे लडाखमधल्या हानलेचे उदाहरण उपयोगी पडते. तिथे २०२२च्या डिसेंबरमध्ये १०७३ चौरस किलोमीटरचे राखीव काळोख क्षेत्र घोषित झाले, आणि त्याआधी-त्यानंतर स्थानिक गावांतल्या तरुण-तरुणींना प्रशिक्षण आणि दुर्बिणी देऊन आकाश दाखवण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले गेले. पाहुणा येतो तो त्यांच्या घरी आणि त्यांच्या शिस्तीने. गडचिरोलीला तर यासाठी बाहेर शिकायला जायचीही गरज नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये देशात सर्वप्रथम सामूहिक वनहक्क मिळवले आणि बांबूचा व्यवहार ग्रामसभेच्या हातात आणला. बांबू किती, कुठे, कोणी तोडायचा याचा हिशेब ठेवणाऱ्या ग्रामसभेला आकाशाची वही जड नाही. आकडे सर्वांना खुले असावेत, पण दुर्बीण घेऊन गावात यायचे की नाही, किती जणांनी यायचे, हे ग्रामसभेने ठरवावे. माहिती खुली असणे म्हणजे दार सताड उघडे असणे नव्हे.

उद्योगांनी यात शत्रू शोधू नये, आपणही त्यांच्यात शोधू नये. खाणीत रात्रपाळीला काम करणाऱ्या माणसाच्या सुरक्षिततेसाठी भरपूर उजेड लागतो आणि तो असलाच पाहिजे. मागणी एवढीच की तो खाणीवर पडावा. नव्या दिव्यांच्या निविदेत ‘प्रकाश क्षितिजाच्या वर जाणार नाही’ आणि ‘रंग-तापमान ३००० केल्व्हिनच्या आत’ या दोन ओळी घालायला खर्च येत नाही. पण त्या ओळी पाळल्या की नाही हे तपासायला आधीचा आकडा हवा आणि नंतरचाही. तो आकडा ठेवणारी संस्था याच भूमीत आहे. गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये स्थापन झाले ते नेमके या दोन जिल्ह्यांसाठी, आणि तालुक्या-तालुक्यात त्याची संलग्न महाविद्यालये आहेत. त्यांतल्या दहा-बारा ठिकाणच्या भौतिकशास्त्र विभागांना मध्यम किमतीच्या मोबाइलएवढ्या खर्चाचे एकेक यंत्र दिले, नोंदीचा एकच तक्ता ठरवला आणि तो मराठीत, सर्वांना दिसेल असा ऑनलाइन ठेवला, तर पहिल्याच हिवाळ्यात हाती काहीतरी येईल. मुद्दाम सुचवतो : दिवाळीची अमावास्या नको, त्या रात्री फटाक्यांचा धूर आणि रोषणाई असते. महिन्याने येणारी कार्तिक अमावास्या घ्यावी. पावसाने धुतलेली हवा अजून बरी असते, थंडी सोसवेल इतकी असते आणि धानकापणीची धांदल बरीचशी उरकलेली असते. त्या रात्री आठ वाजता चंद्रपुरात ऊर्जानगरच्या एखाद्या मैदानावर, मूलला, जिवतीला, धानोऱ्याला, एटापल्लीला, भामरागडला आणि पार दक्षिणेला प्राणहितेकाठी सिरोंचाला एकाच वेळी यंत्रे वर रोखली जावीत, आणि नऊ वाजेपर्यंत सातही आकडे एका तक्त्यात शेजारी-शेजारी लिहिलेले असावेत.